बेलाखालची वीज

नीलव्वा घुगरे यांच्या फुप्फुसांनी त्र्याहत्तराव्या वर्षी काम कमी केलं आणि त्याच उन्हाळ्यात रोज पाच तास वीज बंद ठेवायचं वेळापत्रक आलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण त्यांच्या मुलीला, सुवर्णाला, त्या एकत्र सोडवाव्या लागल्या.

गडहिंग्लजपासून नऊ किलोमीटरवर, हिरण्यकेशी नदीच्या अलीकडे, त्यांचं शेतातलं घर होतं. घरात दोघीच. नीलव्वांच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र होतं. ते खोलीतली हवा ओढून घ्यायचं, तिच्यातला नायट्रोजन गाळायचं आणि उरलेला ऑक्सिजन नळीतून नाकाशी सोडायचं. यंत्र नव्या बनावटीचं होतं, सत्तर वॅटवर चालायचं. एका साध्या पंख्याइतकी वीज, पण ती सतत हवी. यंत्र बंद पडल्यावर वीस मिनिटांत नीलव्वांचे ओठ जांभळे पडत.

सुवर्णानं जनरेटरची चौकशी सुरू केली. डिझेलचा जनरेटर सगळ्यांनी सुचवला आणि तिनं तो सगळ्यात आधी खोडला. ज्या बाईला चुलीचा धूर सोसत नाही तिच्या खिडकीबाहेर डिझेल जाळायचं कसं? शिवाय डिझेल आता मोजून मिळायचं, तेही ट्रॅक्टरसाठी. छपरावर सोलरच्या दोन पाट्या होत्या, त्यांना बॅटरी जोडता आली असती. एप्रिल-मे महिन्यांत तेवढ्यानं भागलं असतं. पण त्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने सूर्य फारसा दिसत नाही, आणि बॅटरी जास्तीत जास्त चार तास पुरली असती. सुवर्णाला न थांबणारं काहीतरी हवं होतं.

तेव्हा मातीचे जनरेटर नुकते तालुक्यात यायला लागले होते. कंपनीकडून पाहणीला आलेली इंजिनिअर रेहाना मुजावर आजऱ्याची होती, तिशीची, कमी बोलणारी. तिनं घराभोवती चार ठिकाणी माती उकरून पाहिली, चिमटीत दाबली, वास घेतला आणि म्हणाली, जागा चांगली आहे. काळी चिकण माती, आत हवा नाही.

सुवर्णा दूध संघाच्या शीतकरण केंद्रात, प्रयोगशाळेत काम करायची. दुधातले जंतू मोजण्यात तिची पंचवीस वर्षं गेली होती. त्यामुळे रेहानानं जे समजावून सांगितलं ते तिला चटकन कळलं. आपण जेवतो, अन्नातून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि ते शेवटी श्वासातल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतात. श्वास घ्यायचा तो एवढ्यासाठीच. खोल चिखलात ऑक्सिजन नसतो. तिथल्या काही जिवाणूंनी स्वतःची वेगळी सोय केलेली आहे. ते आपल्या अंगातून केसापेक्षा हजारोपट बारीक तारा बाहेर काढतात आणि इलेक्ट्रॉन त्या तारांवाटे लोखंडाच्या एखाद्या कणावर नेऊन टाकतात. हे निसर्गात पहिल्यापासून आहे. माणसानं नवीन केलं ते एवढंच, की प्रयोगशाळेत अशी जात तयार केली जिच्या तारा एकमेकींना जुळतात आणि त्यांचं जाळं होतं. खड्ड्यात शेणकाला, पाचट, खरकटं घालायचं, मध्ये ग्राफाइटचं जाड घोंगडीसारखं कापड ठेवायचं. जिवाणू खातात, इलेक्ट्रॉन कापडावर टाकतात, तिथून तार घरात.

“तुम्ही यंत्र चालवता तेव्हा ते श्वास घेतात,” रेहाना म्हणाली. “बटण बंद केलं की श्वास कोंडून पडून राहतात. मरत नाहीत. वाट बघतात.”

ते खड्ड्याबाहेर पसरले तर काय, असं सुवर्णानं विचारलं. खड्ड्याच्या वीतभर पलीकडे ते जगत नाहीत, असं कंपनीच्या कागदात लिहिलं होतं. रेहानानं तो कागद दाखवला. सुवर्णानं तो नीट वाचला आणि सही केली.

घराच्या पूर्वेला तीन खड्डे झाले. आवाज नाही, धूर नाही, वासही जवळ गेल्याशिवाय येत नसे. भिंतीवर लहानसा मीटर बसला. त्यावर किती वॅट तयार होतात तो आकडा यायचा, नव्वद, कधी ब्याण्णव. वीज जायची, आणि अव्वाचं, म्हणजे आईचं, यंत्र एकदाही न अडखळता चालू राहायचं. सुवर्णाला त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा कामावर असताना घराची धास्ती वाटेनाशी झाली.

खड्ड्यांपासून चाळीस पावलांवर, बांधाला लागून, बेलाचं झाड होतं. त्याच्याखाली आप्पांची समाधी होती.

आप्पा, म्हणजे सुवर्णाचे वडील गुरुपाद घुगरे, चौदा महिन्यांपूर्वी लिंगैक्य झाले होते. घर लिंगायत, त्यांच्यात देह जाळत नाहीत. त्यांना मांडी घालून, हातात लिंग देऊन, भस्म लावून, स्वतःच्या शेतात बसवलं होतं. खड्ड्यात उतरून त्यांची मान सरळ करण्याचं काम सुवर्णाच्या धाकट्या भावानं, शिवानंदनं, केलं होतं. शिवानंद बेळगावला फाउंड्रीत होता. तो आप्पांचा लाडका होता, आणि मातीचा पहिला ओंजळभर घास टाकताना त्याला हातानं धरून वर घ्यावं लागलं होतं.

नीलव्वा रडल्या नव्हत्या. त्यालाही कारण होतं. दहा वर्षांपूर्वी सुवर्णा सासर सोडून कायमची परत आली तेव्हा आप्पांनी दार लावून घेतलं होतं आणि अव्वानं ते उघडलं होतं. त्या दिवसापासून आप्पा बायकोशी बोलले नाहीत. एका घरात, एका चुलीवर, नऊ वर्षं. काही सांगायचं असलं की सुवर्णाला सांगायचे, “तुझ्या आईला म्हणावं, भाकरी गार आहे.” अव्वा समोरच बसलेली असायची. सुवर्णा तरी ते पुन्हा म्हणायची. अव्वा तिलाच उत्तर द्यायची, आणि सुवर्णा ते आप्पांना सांगायची. जिच्यामुळे हे झालं ती आपणच, हे तिला दर निरोपागणिक आठवायचं.

जुलैत नीलव्वांना कोल्हापूरला दवाखान्यात बारा दिवस ठेवावं लागलं. सुवर्णा सोबत राहिली. घराला कुलूप होतं, फक्त लहान फ्रिज चालू होता, आणि खड्ड्यांना खायला घालणारं कोणी नव्हतं. परत येईपर्यंत आकडा तीस-चाळीसवर उतरलेला असेल असं तिनं धरलं होतं.

मीटरवर एकशे अठ्ठावीस होता.

ती खड्ड्यांकडे गेली. बारा दिवसांपूर्वी घातलेला काला तसाच होता. वर जाड साय धरली होती, बुरशीचे पांढरे ठिपके आले होते. कोणी तोंड लावलेलं नव्हतं. जंतूंबरोबर इतकी वर्षं काढलेल्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ते उपाशी नव्हते. ते दुसरीकडे जेवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेहाना तांब्याच्या दोन सळ्या आणि मल्टिमीटर घेऊन आली. सळ्या मातीत रोवायच्या, आकडा बघायचा, पाऊल पुढे टाकायचं. पश्चिमेला शून्य. विहिरीकडे शून्य. पूर्वेला सळ्या रोवल्या आणि आकडा हलला. दहा पावलं, वीस, तीस. तो वाढतच गेला. रेहाना खाली बघत चालली होती. सुवर्णाला मात्र आता जमिनीवर एक फिकट रेघ दिसायला लागली होती. सगळीकडे हिरवंगार गवत, आणि मधून दोन बोटं रुंदीची पट्टी पिवळी पडलेली, खड्ड्यापासून सरळ बेलाकडे गेलेली. त्या पट्टीवर एकही मुंगी नव्हती.

दगडी चौथऱ्यापाशी आल्यावर रेहानानं मान वर केली. बेलाची पानं, भस्माची बोटं, सुकलेली फुलं तिनं पाहिली. रोवायला घेतलेली सळी तिनं हळूच मागे घेतली.

“ताई, आपण इथं थांबू या,” ती म्हणाली.

तिनं कंपनीला कळवलं. कंपनीचं उत्तर दोन दिवसांत आलं. असं व्हायला नको होतं, पण सलग काळी माती आणि भरपूर ओल मिळाल्यामुळे जाळं अपेक्षेपेक्षा लांब गेलं असावं. मध्ये चर खणून त्यात चुना भरावा, चुन्यात ते जिवाणू मरतात. बेलाखाली काय आहे ते रेहानानं कंपनीला लिहिलं नव्हतं.

सुवर्णानं शिवानंदला फोन केला. तिनं सगळं सांगितलं.

“मी बसवलंय त्यांना, अक्का,” तो म्हणाला. “माझ्या या हातांनी. आणि तू त्यांच्यावर फ्रिज चालवतेस.”

चुना भर, उद्याच भर, असं त्यानं सांगितलं. तो स्वतः गावच्या स्वामींशी फोनवर बोलला. स्वामी म्हणाले, लिंगात मिसळायचं ते मिसळलं, मातीला दिलं ते मातीचं झालं, आता ती काय करील ते करील. फक्त हातातल्या लिंगाला कोणी धक्का लावू नका. हे उत्तर शिवानंदला पटलं नाही. त्यानं ते सुवर्णाला सांगितलंही नाही. तिला ते पुढे स्वामींकडूनच कळलं.

अव्वाला कसं सांगायचं हे सुवर्णाला सुचत नव्हतं. नीलव्वा दर सोमवारी सकाळी, ऑक्सिजनचा लहान सिलिंडर खांद्याला अडकवून, समाधीपर्यंत चालत जात आणि चौथऱ्यावर हात ठेवून बसत. त्या सोमवारी सुवर्णा बरोबर गेली. अव्वानं नेहमीसारखा हात टेकला, दगडावर नव्हे, त्याच्या कडेच्या ओल्या मातीवर. मग लेकीकडे न बघता म्हणाली, “झिणझिण्या येतात. बघ हात लावून.”

सुवर्णानं विचारलं, कधीपासून?

“मिरगाच्या आधीपासनं.”

म्हणजे दोन महिने अव्वाला ठाऊक होतं. सुवर्णानं तिला सगळं समजावून सांगितलं, जिवाणू, तारा, जाळं, चुना. अव्वानं ते लक्ष देऊन ऐकलं. तिला दम लागत होता, म्हणून ती तुकड्यातुकड्यानं बोलली.

“जित्तेपणी कधी पाण्याचा तांब्या हातात दिला न्हाई मला. आता देऊ देत की.”

त्या दिवसापासून घरात चमत्कारिक काटकसर सुरू झाली. वीज गेली की सुवर्णा धावत जाऊन फ्रिज बंद करायची. पंखा लावायला तिचा हात धजेना. फोन चार्जिंगला लावलेला दिसला की ती काढून ठेवायची. लाइनची वीज आली की सगळं वापरायचं. पण जनरेटरवर फक्त अव्वाचं यंत्र. कारण जेवढं वापरलं जाईल तेवढंच खाल्लं जाणार होतं, आणि काय खाल्लं जातंय ते आता तिला माहीत होतं. पाऊस थांबलेल्या, कोंदट दुपारी ती घामानं निथळत बसे आणि मीटरकडे पाही. अव्वा मात्र शांत असे. कधी कधी ती म्हणे, “एक दिवा लाव गं, ते काय एवढ्यानं संपत न्हाईत.”

शिवानंद दर दोन दिवसांनी फोन करून चुन्याचं विचारी. शेवटी ऑगस्टमध्ये सुवर्णानं रेहानाला बोलावलं. दोघींनी बेल आणि खड्डे यांच्यामध्ये कमरेइतका खोल चर खणला. खणताना माती फावड्याला एकजीव चिकटून येत होती, आत काळ्या ओल्या केसांसारखं काहीतरी होतं, ते ताणलं की तुटायचं. चुना पडला तेव्हा चरातून वाफ आली. संध्याकाळपर्यंत मीटर पंच्याऐंशीवर आला. अव्वाच्या यंत्राला तेवढे पुरे होते. सुवर्णानं शिवानंदला सांगितलं, झालं. तो रडला. अव्वा दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

ऑक्टोबरात परतीच्या पावसाबरोबर मोठं वारं आलं. मोठ्या लाइनचे मनोरे पडले आणि तालुक्याची वीज गेली ती आलीच नाही. ओढ्याला पूर येऊन रस्ता बंद झाला. पाणी खड्ड्यांत शिरलं, काला वाहून गेला. तिसऱ्या दिवशी मीटर बावन्नवर होता, चौथ्या दिवशी दुपारी अडतीसवर. लहान सिलिंडर सकाळीच संपला होता. यंत्र अर्ध्या जोरावर घरघरत होतं आणि मधूनच थांबत होतं.

सुवर्णानं अव्वाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. शहाऐंशी. थोड्या वेळानं चौऱ्याऐंशी. दवाखान्याचा फोन लागला, पण ओढा ओलांडून कोणी येऊ शकत नव्हतं. संध्याकाळपर्यंत कसंही करून थांबा, असं पलीकडून सांगण्यात आलं. अव्वानं डोळे मिटले होते. नखं निळी दिसत होती. तिनं काही मागितलं नाही, बेलाचं नावही काढलं नाही.

कंपनीनं दुरुस्तीसाठी ठेवलेली ग्राफाइटच्या कापडाची गुंडाळी माळ्यावर होती. सुवर्णानं ती आणि जोडायची तार घेतली, फावडं घेतलं आणि पावसात बाहेर पडली.

चुन्याच्या चराच्या पलीकडे जाळं असणार हे तिला माहीत होतं. दोन महिने त्यांना इलेक्ट्रॉन टाकायला जागा मिळालेली नव्हती. ते श्वास कोंडून पडले असणार. तिनं चर ओलांडला आणि चौथऱ्याच्या दिशेनं, फिकट पट्टीवरच, खणायला सुरुवात केली. फावडं जड झालं तेव्हा ती गुडघ्यांवर बसली आणि हातांनी उकरू लागली. हातभर खाली ते सापडलं. काळं, ओलं, घट्ट विणलेलं. ती त्याच्या मागं मागं पुढे गेली. चौथरा एका हाताच्या अंतरावर आला तेव्हा माती बदलली, मऊ झाली, आणि तिला कळलं की आणखी पुढे जायचं नाही. स्वामींनी सांगितलेलं तिच्या कानात होतं. तिनं कापड उलगडून त्या काळ्या विणीवर अंथरलं, तळव्यांनी दाबलं, वर माती लोटली आणि त्यावर आडवी पडून आपल्या अंगाचं वजन दिलं. गाल मातीला टेकला होता.

“आप्पा,” ती म्हणाली, “अव्वाला पाहिजे आहे.”

नऊ वर्षं निरोप पोचवले होते, त्याच आवाजात.

मग ती तार घेऊन घरात आली आणि जोडली. मीटर अडतीसवरच होता. ती त्याच्यासमोर चिखलानं भरलेल्या कपड्यांनी उभी राहिली. काही मिनिटांनी एक्केचाळीस झाले. मग अठ्ठेचाळीस. मग आकडा थांबला, आणि मागच्या खोलीत यंत्र पुन्हा बंद पडलं. तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्र्याहत्तर होते. तासाभरात एकशे चौदा झाले, आणि यंत्राचा आवाज एकसारखा झाला. अव्वाचं बोट ब्याण्णव दाखवू लागलं. तिनं डोळे उघडले, लेकीच्या हातांकडे पाहिलं, नखांत गेलेल्या काळ्या मातीकडे पाहिलं.

“आंघोळ करून घे,” ती म्हणाली.

वीज अकराव्या दिवशी आली. तेराव्या दिवशी रस्ता मोकळा झाला आणि शिवानंद आला. अव्वाला भेटून तो थेट बेलाकडे गेला. सुवर्णा त्याच्या मागून गेली. तिनं काही लपवलं नाही. कुठं खणलं, किती खणलं, कुठं थांबले, सगळं दाखवलं. तो ऐकत होता. तो ओरडेल, कापड उपटून फेकेल, असं तिला वाटत होतं. तो चौथऱ्याच्या कडेला उकिडवा बसला आणि त्यानं मातीवर हात ठेवला. बराच वेळ त्यानं तो उचलला नाही. त्याचे डोळे भरून आले, पण चेहरा लहान मुलाचा व्हावा तसा उत्सुक झाला होता.

“लागतंय की गं, अक्का,” तो हळू म्हणाला.

त्यानं विचारलं, हे किती दिवस चालेल? रेहानानं हिशेब केला होता, तो सुवर्णानं सांगितला. या मातीत काही लवकर संपत नाही. फक्त यंत्रापुरतं वापरलं तर पुढचा पावसाळा निघेल. त्यापुढे नाही.

“आणि मग?”

मागून पावलं वाजली. नीलव्वा शिवानंदनं येताना आणलेला भरलेला सिलिंडर खांद्याला अडकवून, थांबत थांबत, तिथवर आल्या होत्या. त्यांनी बेलाच्या बुंध्याला हात टेकला आणि दम खाल्ला. चौथऱ्याच्या डाव्या अंगाला मोकळी जागा होती, एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढी. त्यांनी ती एकदा नजरेनं मापली.

“मग मी आहे की,” त्या म्हणाल्या.

शिवानंदनं त्यांचा सिलिंडर आपल्या खांद्यावर घेतला आणि तिघं घरी आली.

जाण्याआधी त्यानं चरातला चुना उपसला आणि चर स्वतः काळ्या मातीनं बुजवला. आता दर सोमवारी त्याचा बेळगावहून फोन येतो. आधी तो अव्वाचा ऑक्सिजन विचारतो. सुवर्णा सांगते, त्र्याण्णव, कधी चौऱ्याण्णव. मग तो विचारतो, “आणि आप्पा?”

सुवर्णा भिंतीकडे बघून आकडा सांगते. परवाच्या सोमवारी तो एकशे दोन होता. त्याच्या आदल्या सोमवारी एकशे चार.